आयफोनचा डेव्हलपर बीटा, म्हणजे नव्या आयओएसची अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी आधी येणारी चाचणी आवृत्ती, घ्यायला अजूनही वर्षाचे ९९ डॉलर भरावे लागतात का?

नाही. जून २०२३ मध्ये, आयओएस १७ च्या बीटापासून, अ‍ॅपलने ही अट काढली. आता अ‍ॅपल आयडीने (हल्लीचं नाव अ‍ॅपल अकाउंट) डेव्हलपर साइटवर लॉग इन करून करार मान्य केला की पुरतं. ९९ डॉलर लागतात ते अ‍ॅप स्टोअरवर अ‍ॅप टाकायचं असेल तर.

मग सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, बीटा अपडेट्स असं जाऊन डेव्हलपर बीटा निवडा. पर्याय दिसत नसेल तर फोन रीस्टार्ट करा. आयओएस १६.४ पासून हे सगळं अ‍ॅपल आयडीला जोडलेलं आहे, त्यामुळे कुठून तरी मिळालेली प्रोफाइल फाइल (पूर्वी बीटा तिच्यातून चालू करत) टाकण्याच्या भानगडीत कृपया पडू नका.

खरी अडचण परत येताना होते. बीटा अपडेट्स 'ऑफ' केल्याने आधीची आवृत्ती परत येत नाही. त्यासाठी फोन कॉम्प्युटरला जोडून रिस्टोअर करावा लागतो आणि त्यात सगळा डेटा पुसला जातो. वर, बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही. म्हणून आधीच कॉम्प्युटरवर बॅकअप घ्या आणि मॅक असेल तर तो फाइंडरमधून 'अर्काइव्ह' करा, म्हणजे नव्या बॅकअपखाली तो पुसला जाणार नाही.

रोजच्या एकुलत्या एका फोनवर डेव्हलपर बीटा नकोच. नुसती उत्सुकता असेल तर पब्लिक बीटा, म्हणजे सगळ्यांसाठीची चाचणी आवृत्ती, घ्या. तो थोडा उशिरा येतो, पण बराच सावरलेला असतो.