गिऱ्हाईक बनून जाणाऱ्या भाच्यास

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

‘मावशी, मिस्टरी शॉपिंगमध्ये महिन्याला 25 हजार सुटतात का?’ एवढाच तुझा मेसेज आणि खाली एक लिंक. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू ‘हो हो’ म्हणतोस आणि पलीकडे तुझं दुसरंच काही चालू असतं. म्हणून लिहिते आहे. अभ्यासिकेतून परत येशील तेव्हा निवांत वाच.

सुटत नाहीत. शाळेच्या ऑफिसातली नोकरी सांभाळून मी अकरा वर्षं ठाण्या-मुंबईत हे काम केलं, म्हणजे साधं गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं, ओळख न देता सगळं पाहायचं आणि त्या कंपनीसाठी रिपोर्ट लिहायचा; आणि नंतर चार वर्षं ही कामं देणाऱ्या एका एजन्सीत बसून इतरांचे रिपोर्ट तपासले. एका महिन्यात मला मिळालेला सगळ्यात मोठा आकडा 9 हजार, तोही दिवाळीच्या तोंडावर. एरवी दोन-अडीच हजार. एखाद्या महिन्यात शून्य.

हिशेब तूच कर. समजा फी 400 रुपये. सदाशिव पेठेतून विमाननगरला पीएमपीनं जायला-यायला अडीच तास, दुकानात पाऊण तास, आणि नवख्याला रिपोर्ट भरायला दोन तास सहज लागतात. बसचे 60 रुपये वजा केलेस की ताशी 65 रुपये पडले. आणि ते हातात यायला दीड-दोन महिने. जेवणाच्या कामात फी कमी असते, पण ठरलेल्या मर्यादेपर्यंत बिल परत मिळतं. मर्यादेवर एक आइस्क्रीम जास्त खाल्लंस तर ते तुझ्या खिशातून. बिल हरवलं तर फीही गेली आणि जेवणही अंगावर. तेव्हा मेसचे पैसे यातून भागवीन असं मनात आणू नकोस. तुला जिथं जायचंच आहे त्या वाटेवरचं काम घेतलंस तर चार पैसे सुटतील. तेवढ्यासाठी हे काम चांगलं आहे, आणि एका वेगळ्या कारणासाठी, ते पुढे येईल.

आधी ती लिंक. टेलिग्रामचा ग्रुप, ‘मिस्टरी शॉपर, घरबसल्या काम, हॉटेलांना पाच स्टार द्या, रोज 2000 कमवा’. घरबसल्या? अरे, शॉपर दुकानात गेलाच नाही तर त्यानं पाहिलं काय?

या लोकांची रीत ठरलेली आहे. पहिल्या दिवशी तीन-चार हॉटेलांना स्टार द्यायला लावतात आणि खरोखरच दीडशे-दोनशे रुपये खात्यात टाकतात. मग ‘प्रीपेड टास्क’ येतो: हजार भर, तेराशे घे. तेही मिळतात. ग्रुपमधली शंभर माणसं आपापल्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात, ती बहुतेक त्यांचीच. मग पाच हजार, मग तीस हजार. त्यांच्या वेबसाइटवर तुझ्या नावापुढे लाखभर रुपये दिसायला लागतात. काढायला गेलास की आधी टॅक्स भर, मग दंड भर, आणि एके दिवशी ग्रुपच गायब. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं अर्धवेळ कामाच्या नावाखाली लुबाडणाऱ्या शंभरावर वेबसाइट बंद करायला लावल्या होत्या. वेबसाइट काय, एक बंद झाली की दुसरी निघते.

आणि त्या पहिल्या दीडशे रुपयांकडे बारीक बघ. ते बऱ्याचदा आणखी कुणा फसलेल्याच्या खात्यातून फिरून आलेले असतात. त्याची तक्रार झाली की पैशाचा माग काढत पोलीस तुझ्या खात्यापर्यंत येतात. मग खातं गोठतं आणि तुझ्या वडिलांनी पाठवलेले पैसेही आत अडकून बसतात. तू त्या लिंकवर पैसे भरले असशील तर हे पत्र इथंच खाली ठेव, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लाव आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदव. लाजू नकोस. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

न्यू जर्सीतल्या तुझ्या मामेबहिणीलाही असंच ‘शॉपर’ म्हणून निवड झाल्याचं पत्र आलं होतं, सोबत दोन हजार डॉलरचा चेक. चेक खात्यात भर, त्यातून गिफ्ट कार्डं घे, त्यांचे नंबर कळव, उरलेले तुझे. तिथली बँक चेकचे पैसे एक-दोन दिवसांत वापरायला देते, पण चेक खोटा निघाल्याचं कळायला कधी कधी आठवडे लागतात आणि तोवर खर्च झालेले पैसे खातेदाराला भरावे लागतात. तिथलं फेडरल ट्रेड कमिशन याबद्दल कित्येक वर्षं सावध करतं आहे. पोरगी हुशार, तिनं चेक फाडला. (तिच्या आईला अजून वाटतं, दोन हजार डॉलर गेले.)

खरी एजन्सी नोंदणीला पैसे घेत नाही. ती तुझा पॅन आणि खात्याचा नंबर मागेल, करार करून घेईल, पैसे देताना बहुधा टीडीएस कापेल. तुझं उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो. ओटीपी मात्र कुणी मागणार नाही. एमएसपीए नावाची या धंद्यातल्या एजन्सींची संघटना 1998 मध्ये अमेरिकेत सुरू झाली, तिची आशिया-पॅसिफिक शाखाही आहे. एजन्सीचं नाव तिच्या यादीत सापडलं तर बरं. नाही सापडलं तर निदान ऑफिसचा पत्ता, लँडलाइन आणि तिथं काम केलेलं एखादं जितंजागतं माणूस शोध.

आता कामाकडे येते.

या कामाची सुरुवातच चोर पकडण्यापासून झाली असं म्हणतात. 1940च्या दशकात अमेरिकेत दुकानदार आणि बँका आपला नोकर गल्ल्यात हात घालतो का हे पाहायला खोटी गिऱ्हाइकं पाठवायच्या. आता बघायचं असतं ते नमस्कार केला का, बिल दिलं का, संडास स्वच्छ होता का. पण पहिल्यांदा जाणाऱ्याच्या डोक्यात चोर पकडायचं वारं असतंच. माझ्याही होतं. दादरच्या एका मोबाइलच्या दुकानातून आले आणि ऐटीत लिहिलं: ‘विक्रेता उद्धट होता.’ एजन्सीतल्या बाईंनी रिपोर्ट परत पाठवला. वर एवढंच: ‘काय म्हणाला, ते शब्द लिहा.’ आठवायला बसले. तो म्हणाला होता, ‘त्या रॅकवर आहेत, बघून घ्या.’ मान वर केली नव्हती. बस, एवढंच. उद्धटपणा माझा होता, माझ्या डोक्यातून कागदावर उतरलेला. त्याची मान खाली होती कारण तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचं सिमकार्ड घालत होता, हे मला तिसऱ्यांदा आठवताना दिसलं.

तेव्हापासून मी ‘उद्धट’, ‘आळशी’, ‘छान’, ‘अस्वच्छ’ हे शब्द सोडले. ‘अस्वच्छ’ ऐवजी ‘टेबल 4 वर आधीच्या गिऱ्हाइकाच्या दोन प्लेट, मी बसल्यापासून 9 मिनिटं’. तुला पैसे डोळ्यांचे मिळतात. मत त्यांच्या ऑफिसातली माणसं देतील, त्याचा त्यांना पगार आहे.

दुसरी गोष्ट मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. एका कॅफेचा रिपोर्ट होता. काउंटरवरच्या मुलानं बिल दिलं नाही, मागितल्यावर ‘मशीन बंद आहे’ म्हणाला. छातीवर नावाची पट्टी होती, ती वाचली, रिपोर्टात लिहिली. दहा दिवसांनी त्या कंपनीची हरकत आली: या नावाचा मुलगा त्या दिवशी रजेवर होता, हजेरीपट जोडला आहे. माझ्यासमोर उभा होता त्याची पट्टी हरवली होती आणि त्यानं रजेवरच्या मित्राची लावली होती. हरकत येईपर्यंत त्या मित्राचा महिन्याचा इन्सेंटिव्ह कापला गेला होता. परत मिळाला की नाही, मला कुणी कळवलं नाही. म्हणून नाव वाचलंस तरी त्यावर थांबू नकोस. उंची अंदाजे, चष्मा आहे का, कोणतं काउंटर, आणि बिल मिळालं तर त्यावरची वेळ. काउंटरपलीकडे उभा असतो तो तुझ्याच वयाचा असतो, बहुधा तुझ्यासारखाच बाहेरगावाहून आलेला. त्याची चूक दिसली तर लिही, दया करून गाळू नकोस, तेही खोटंच. पण जेवढी दिसली तेवढीच लिही.

वर म्हटलं ते वेगळं कारण हेच. नुसतं पाहून, न रंगवता लिहिणं किती मोलाचं असतं हे मला या धंद्यात कळलं नाही, टीबीवरच्या अभ्यासांबद्दल वाचताना कळलं. 24 माणसांना शिकवून, टीबीची लक्षणं सांगणारे रुग्ण बनवून मुंबई आणि पाटण्यातल्या बाराशेवर खासगी दवाखान्यांत पाठवलं होतं. 2018 मध्ये निकाल छापून आला: सुमारे 35 टक्के भेटींतच उपचार ठरलेल्या निकषांना धरून होता. त्याआधी 2016 मध्ये दिल्ली, मुंबई, पाटणा इथल्या औषधांच्या दुकानांचा असाच अभ्यास आला. तिथं गंमत बघ. नुसती लक्षणं सांगणाऱ्याला कित्येक दुकानदारांनी अँटिबायोटिक काढून दिलं; टीबीचा रिपोर्ट हातात घेऊन गेलेल्याला मात्र तसं कमी वेळा झालं, डॉक्टरकडे जा असं जास्त वेळा सांगितलं गेलं. आणि टीबीची मुख्य औषधं एकाही दुकानानं परस्पर विकली नाहीत. दुकानदार बदमाश असतात हे ठरवूनच ती माणसं गेली असती, तर ही शेवटची दोन वाक्यं कुणाच्या कागदावर आली असती का?

विम्याचंही तसंच. आपल्याकडच्या आयुर्विमा एजंटांकडे गिऱ्हाईक बनून माणसं पाठवलेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वस्त टर्म पॉलिसी ज्याला पुरेल त्यालाही बहुतेकांनी जास्त कमिशनची आजीवन पॉलिसीच पुढे केली. तुझ्या बाबांची ती पॉलिसी मला आठवली. असो.

बाकीचं काम अंगवळणी पडतं. वही काढायची नाही. मी नवऱ्याला व्हॉट्सॲप करायचे: ‘आले’, ‘रांगेत’, ‘मिळालं’, ‘निघाले’. वेळ आपोआप नोंदली जाते. त्याच्या फोनवर अकरा वर्षांचे असे मेसेज आहेत. कुणी वाचले तर संसाराबद्दल काय समजेल कोण जाणे. बाहेर पडून पहिल्या चहाच्या टपरीवर सगळं लिहून काढ. घरी जाऊन लिहीन म्हटलंस की शिवाजीनगरपर्यंत अर्धं विसरतोस आणि उरलेलं अर्धं तुझं डोकं भरून काढतं.

ब्रीफमधली, म्हणजे एजन्सीनं दिलेल्या सूचनांच्या कागदातली, भाषा तोंडात येऊ देऊ नकोस. ‘आपल्याकडे लॉयल्टी प्रोग्रॅम आहे का?’ असं कुठलं गिऱ्हाईक विचारतं? ‘परत आलो तर काही सूट?’ असं विचार. पाठीला सॅक लावून 20 लाखांच्या गाडीची चौकशी करायला जाऊ नकोस, पहिल्या मिनिटाला ओळखतील. मोबाइल, बर्गर, बँकेतलं बचत खातं, दुचाकीचं शोरूम हे तुला शोभेल. बिलाचा फोटो एजन्सीसाठी, इन्स्टाग्रामसाठी नाही; गोपनीयतेची अट करारात असते. आवाज रेकॉर्ड करायला सांगितलं तर ते लेखी सांगितलंय का बघ, नसेल तर करू नकोस. ज्या कंपनीत मित्र किंवा नातेवाईक आहे ते काम घ्यायचं नाही.

मला सगळ्यात आवडायचे ते पेट्रोल पंप. माझी जुनी अ‍ॅक्टिव्हा, 200 रुपयांचं पेट्रोल आणि पाहायला इतकं काही की डोकं भणभणायचं. ‘झिरो बघा’ म्हणाला का, की न बोलता नोझल घातलं? गणवेश आहे का? हवा फुकट भरून दिली का, की ‘कॉम्प्रेसर बिघडलाय’? पिण्याचं पाणी, बायकांच्या संडासाला आतून कडी, तक्रारवही मागितल्यावर कपाटाची किल्ली सापडते का? 5 लिटरचं प्रमाणित माप पंपावर ठेवावंच लागतं आणि कुणीही गिऱ्हाईक मापून मागू शकतं. 25 मिलीपर्यंतचा फरक चालतो. हे मला त्या कामामुळे कळलं. आता तुझे काका गाडीत पेट्रोल भरतात तेव्हा मी खाली उतरून आकड्याकडे बघत उभी राहते आणि त्यांना लाज वाटते.

खरं काम मिळाल्यावर त्याचा रिपोर्ट मला दाखवायचा नाही, अटीत बसत नाही. पण त्याआधी एक कर. उद्या दुपारी नेहमीच्या मेसमध्ये जेव. फोन खिशात. परत येऊन लिही: आत किती माणसं होती, ताट समोर यायला किती वेळ लागला, दुसरी पोळी कोणी वाढली, न मागता वाढली का, भाजीत बटाटे किती होते, हात धुवायच्या जागी साबण होता का. मेसवाल्या काकांचं नाव घालू नकोस. ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ हे दोन शब्द वर्ज्य. एक पान पुरे. मला पाठव, मी लाल पेनानं खुणा करून परत पाठवते.

तुझी,
मावशी

ता. क. त्या लिंकबद्दल आईला सांगू नकोस असं तू मागाहून दुसऱ्या मेसेजमध्ये लिहिलं होतंस. तो मेसेज मी वाचायच्या आधी तिनंच माझ्या फोनवर वाचला, ती इथंच आली आहे.