सिराकूझा: एक रात्र ओर्तिजियात राहा, गाडी बाहेर ठेवा

जूनअखेरीस सत्तरीच्या आईबाबांना घेऊन इटलीच्या सिसिली बेटावरच्या कतानियाहून भाड्याच्या गाडीने निघायचं, सिराकूझा आणि ताओर्मिना एकाच दिवसात करायचं, आणि सगळे शाकाहारी. जमेल का, असं विचारलंय तुम्ही. जमेल, पण करू नका. ताओर्मिना कतानियाच्या उत्तरेला, सिराकूझा दक्षिणेला साठेक किलोमीटरवर. दिवसातला बराच वेळ हायवेवरच जाईल. ताओर्मिना सरळ गाळा आणि सिराकूझात एक रात्र राहा.

राहायचं ते ओर्तिजियावर. जुनं शहर म्हणजे हे छोटंसं बेट, मुख्य शहराला पुलांनी जोडलेलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रमतगमत अर्ध्या तासात जाता येतं, म्हणजे आईबाबांनाही झेपेल. गाडी मात्र गल्ल्यांत घालू नका. बराचसा भाग झेडटीएल आहे, म्हणजे ठरावीक वेळांत परवान्याशिवाय गाडीला बंदी. कॅमेरा नंबर टिपतो, दंड भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येतो आणि कंपनी वर आपलं शुल्क लावते. बेटाच्या कडेला तालेते नावाचं मोठं पार्किंग आहे, तिथे लावून विसरून जा. खरं तर या दोन दिवसांपुरती गाडी नसली तरी चालेल, कतानिया विमानतळावरून थेट बस आहे.

आता मुख्य गोष्ट. ओर्तिजियावरचं कॅथेड्रल समोरून बघून, फोटो काढून पुढे जाणारे लोक बघितले की मला चुटपुट लागते. समोरचा भाग अठराव्या शतकातला, 1693 च्या भूकंपानंतर बांधलेला. डाव्या बाजूच्या गल्लीत, व्हिया मिनेर्व्हात, वळा. चर्चच्या भिंतीत डोरिक (जुन्या ग्रीक शैलीचे) खांब अर्धे चिणलेले दिसतील. ते ग्रीक देवी अथेनाच्या देवळाचे, इ.स.पू. पाचव्या शतकातले. इ.स.पू. 480 मध्ये हिमेराच्या लढाईत कार्थेजला हरवल्यावर सिराकूझाचा सत्ताधीश गेलोन याने ते देऊळ उभारलं. पुढे ख्रिश्चनांनी खांबांमधल्या फटी भिंतीने भरल्या आणि गाभाऱ्याच्या भिंतींना कमानी पाडल्या, झालं चर्च. 878 मध्ये अरबांनी शहर घेतल्यावर मशीद, नॉर्मनांनी पुन्हा चर्च. पाडून नवं बांधण्यापेक्षा आहे तेच वापरणं सोयीचं, असा साधा हिशेब असावा. त्यामुळेच देऊळ टिकलं. आत तिकीट आहे, ते काढाच. खांब आतूनही दिसतात, काही चक्क कललेले.

इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जोचं 1608 चं, शहराची रक्षक संत लुचिया हिच्या दफनाचं चित्र कॅथेड्रलच्याच चौकातल्या दुसऱ्या चर्चमध्ये बरीच वर्षं होतं. अलीकडे ते बेटाबाहेरच्या सांता लुचिया अल सेपोल्क्रो या चर्चमध्ये नेलंय. मुद्दाम जायचं असेल तर आधी चौकशी करा.

संध्याकाळी अरेथूसाच्या झऱ्याकडे चाला. समुद्राला खेटून गोडं पाणी, त्यात पपायरसची झुडपं आणि बदकं. पाच मिनिटांत बघून होतं, पण तिथून बंदरावरचा सूर्यास्त छान दिसतो.

दुसऱ्या दिवशी उघडल्या उघडल्या नेआपोलिसचं पुरातत्त्व उद्यान. 'आपल्याला उन्हाची सवय आहे' असं म्हणू नका. 11 ऑगस्ट 2021 ला सिराकूझाजवळ 48.8 अंश नोंदलं गेलं, तो युरोपचा विक्रम आहे. उद्यानातल्या ग्रीक थिएटरात सावली नावाला नाही. शिवाय उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे प्राचीन नाटकांचा मोसम असतो (परंपरा 1914 पासूनची), तेव्हा दगडी पायऱ्यांवर लाकडी बाकं चढवलेली असतात. दिवसा बघायला गेलेले हिरमुसतात. तुमच्या तारखांना प्रयोग असेल तर संध्याकाळचं तिकीटच काढा. संवाद इटालियनमध्ये, पण गोष्ट आधी वाचून गेलात की अडत नाही.

शेजारच्या दगडाच्या खाणी मात्र गर्द आणि गार आहेत. 'डायोनिसियसचा कान' ही वीसेक मीटर उंच गुहा तिथलीच. गाईड तिच्यात आवाज घुमवून दाखवतात. पण याच शहराच्या खाणींत इ.स.पू. 413 मध्ये सिराकूझावर चालून येऊन हरलेल्या अथेन्सचे सुमारे सात हजार कैदी कोंडले होते. ऊन, थंडी, प्रेतांची दुर्गंधी आणि जेमतेम अन्नपाणी, असं ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने लिहून ठेवलंय. आता तिथे लिंबाची झाडं आहेत. उद्यानात कुणी 'आर्किमिडीजची कबर' दाखवली तर मान डोलवा आणि पुढे चला, ती रोमन काळातली दुसऱ्याच कुणाची आहे.

खाण्याची चिंता नको. वांग्याची पास्ता आल्ला नोर्मा, वांग्याचीच आंबटगोड भाजी कपोनाता, सकाळी बदामाचा ग्रनिता (बर्फाचा गोळ्यासारखा प्रकार) आणि ब्रिओश (गोडसर पाव). आरांचिनी (भाताचे तळलेले गोळे) घेताना विचारा, नेहमीच्या सारणात खिमा असतो. भाजीच्या सॉसमध्येही अँचोव्ही हा मासा गुपचूप येतो, म्हणून 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा अच्चूगे' (मांस नको, मासे नको, अँचोव्ही नको) हे पाठ करा. चीजमधलं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते, बहुधा वासराच्या पोटातलं) चालत नसेल तर यादी बरीच आखडेल. डिसेंबरमध्ये गेला असतात तर 13 तारखेला, संत लुचियाच्या सणाला, कुच्चिया मिळाली असती, जवळपास आपली गव्हाची खीरच.

पोहायचं असेल तर ओर्तिजियाला बहुतेक खडकच आहेत. आईबाबांना पाण्यात पाय सोडून बसायचं असेल तर वाळूसाठी फोंताने ब्यांके हा समुद्रकिनारा गाठा. तेवढ्यापुरती गाडी उपयोगी पडेल.