शोधक, अभिज्ञातक की टिपक?

इंदुरातल्या एक शिक्षिका शाळेच्या प्रदर्शनासाठी खगोलशास्त्राचे फलक मराठीत करताहेत. 'रेडिएशन डिटेक्टर'ला 'किरणोत्सर्ग-शोधक' लिहावं का, असं त्यांनी विचारलंय.

'किरणोत्सर्ग' आधी खोडा. ताऱ्यांच्या उजेडालाही किरणोत्सर्ग म्हणायची खोड व्याख्यानांतून सतत ऐकू येते आणि दर वेळी डोकं उठतं. किरणोत्सर्ग हा रेडियम-युरेनियमसारख्यांच्या अस्थिर अणुकेंद्रांचा. इथे हवा तो शब्द 'प्रारण', म्हणजे प्रकाश, क्ष-किरण अशा रूपांत बाहेर पडणारी ऊर्जा. आपल्या इंदूरच्या कॅटमधल्या (आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) इंडस-२ यंत्रात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन चुंबकांनी वळवतात आणि वळताना ते क्ष-किरणांपर्यंतचा प्रकाश फेकतात, तेही प्रारणच. क्रॅब तेजोमेघाचा, म्हणजे एका फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषाचा, निळसर उजेड त्याच जातीचा.

'शोधक'ही नको. शोधते दुर्बीण, हे उपकरण तिच्या मागे बसून येईल तो प्रकाश घेतं. राहिला विश्वकोशी मराठीतला 'अभिज्ञातक'. अभिज्ञात म्हणजे ओळखलं गेलेलं. त्याला 'क' लावून ओळखणारा कसा होईल? आणि अभिज्ञान म्हणजे ओळख पटणं, दुष्यंताला अंगठी बघून पटली तशी. ती पटते खगोलशास्त्रज्ञाला, सिलिकॉनच्या चकतीला नव्हे. ज्यांनी हा शब्द रुजवला त्यांनी उपकरण काय करतं याचा विचारच केला नाही.

ते टिपतं! चिमणी दाणे टिपते, टिपकागद शाई टिपतो, कारकून मजकूर टिपून घेतो. एकेक उचलणं, शोषणं, नोंदणं: तीनही अर्थ एका क्रियापदात, आणि बॉइल व स्मिथ यांनी १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काढलेली सीसीडी, म्हणजे प्रकाश नोंदणारी सिलिकॉनची चकती, नेमकं हेच करते. प्रकाशाचा कण सिलिकॉनमध्ये शोषला जातो, एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो, तो आपल्या खणात थांबतो, मग ओळीओळीने मोजदाद होते. क्ष-किरणाचा कण दांडगा. ५,९०० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एकच कण सुमारे १,६०० इलेक्ट्रॉन सोडवतो, म्हणून त्यांच्या संख्येवरून कणाची ऊर्जाही कळते. जुन्या फोटोच्या काचा शंभरातले एक-दोन कण टिपत, सीसीडी नव्वदपर्यंत टिपते. २०१५ साली उडालेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहावर क्ष-किरण टिपायला कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या स्फटिकाचे तुकडे आहेत. त्यांनी त्याच क्रॅबचे क्ष-किरण टिपले.

आता 'टिपूर चांदणं' घ्या. काही जण टिपूर 'त्रिपुर'वरून आणतात, कार्तिकी पौर्णिमेच्या दिव्यांमुळे. मला हे मुळीच पटत नाही. चैत्रातलं स्वच्छ चांदणंही टिपूरच असतं, तिथे त्रिपुरासुर कुठून आला? आमची आजी म्हणे, "अंगणात सांडलेले तीळ टिपून घ्यावेत असं चांदणं पडलंय." टिपता येण्याइतकं ते टिपूर, हा माझा तर्क, आणि तो मी सोडणार नाही. ठिपकाही याच घरातला असावा; ताऱ्याची प्रतिमा शेवटी ठिपकाच की. आणि मध्य प्रदेशातल्या सरकारी हिंदी कागदांच्या तळाशी 'टीप' छापतात ना, ती होळकर-शिंद्यांच्या दफ्तरांतून तिथे गेली असं माझं ठाम मत आहे.

फलकाचं राहिलंच. 'प्रारण-टिपक' लिहा, शेजारी बारीक अक्षरात 'डिटेक्टर' असू द्या. मुलांनी अर्थ विचारला तर चिमणी दाखवा.