बसणं वेगळं, धरणं वेगळं

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचे फोटोही नीट पाहिले. यीस्टमधल्या इको१ या प्रथिनाचा तापमान-संवेदी म्युटंट (तापमान वाढलं की ज्यात ते प्रथिन निकामी होतं) ३७ अंशांवर नेलास, कोहेसिन, म्हणजे गुणसूत्राच्या दोन प्रती (भगिनी क्रोमॅटिड) एकत्र धरणारं प्रथिनाचं कडं, गुणसूत्रांवर जसंच्या तसं बसलेलं दिसलं, आणि तरी निम्म्याहून जास्त पेशींत गुणसूत्रावर खूण म्हणून लावलेल्या एका हिरव्या ठिपक्याचे दोन झाले. ‘कोहेसिन जागेवर असताना क्रोमॅटिड सुटतातच कशा, माझं कुठे चुकलं?’ असं विचारलं आहेस. मला वाटतं तुझं चुकलेलं नाही. तुला दिसलं आहे ते या विषयाचं मर्मच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोहेसिन डीएनएवर बसणं आणि कोहेसिनने दोन भगिनी क्रोमॅटिड धरून ठेवणं या दोन वेगळ्या घटना आहेत. १९९८ साली फ्रँक उलमन आणि किम नॅस्मिथ यांनी हे यीस्टमध्ये फार साध्या युक्तीने दाखवलं. एससीसी१ हा कोहेसिनचा घटक त्यांनी रेप्लिकेशन, म्हणजे डीएनएची प्रत काढणं, उरकल्यावर पेशीत बनू दिला. तो गुणसूत्रांवर जाऊन व्यवस्थित बसला, पण तोवर सुट्या राहिलेल्या क्रोमॅटिड जोडल्या गेल्या नाहीत. तेच प्रथिन एस-अवस्थेत (रेप्लिकेशनच्या काळात) हजर असेल तर जोड घट्ट बसते. म्हणजे डीएनएची प्रत निघत असतानाच तिला मूळ धाग्याशी बांधावं लागतं, आणि याला कारणही आहे. रेप्लिकेशनच्या फाट्यावर, म्हणजे धागा उलगडून प्रत निघते त्या जागी, दोन्ही क्रोमॅटिड नुकत्याच जन्मलेल्या आणि अगदी शेजारी असतात. नंतर सोळा गुणसूत्रांच्या गर्दीत कोणता धागा कोणाचा जोडीदार हे पेशीने ओळखायचं कसं?

आता इको१ चं काम बघ. एससीसी२ आणि एससीसी४ ची जोडी कोहेसिनचं कडं डीएनएवर चढवते, पण डब्ल्यूपीएल१ नावाचं प्रथिन ते पुन्हा उघडून सोडवत असतं. त्यामुळे जी१ मध्ये, म्हणजे प्रत काढण्याआधीच्या टप्प्यात, कडी येतात आणि जातात. फाट्यासोबत सरकणाऱ्या पीसीएनए या दुसऱ्याच एका कड्याला इको१ जोडलं जातं आणि तिथेच कोहेसिनच्या एसएमसी३ घटकावर, ११२ आणि ११३ क्रमांकांच्या लायसिनवर, ॲसिटिल गट चढवतं. तो चढला की डब्ल्यूपीएल१ ला ते कडं उघडता येत नाही. तुझ्या म्युटंटमध्ये कोहेसिन चढवणं शाबूत आहे, ही मोहोर तेवढी उमटत नाही. कोहेसिन दिसतं पण पकड नाही, ते यामुळे.

मात्र इको१ म्हणजे निव्वळ कुलूप, असं मनाशी पक्कं करू नकोस. डब्ल्यूपीएल१ सुद्धा काढून टाकलं तर इको१ नसलेल्या पेशी जगतात, पण त्यांची पकड पूर्ववत होत नाही. कडं सुटू न देणं एवढ्यानेच काम भागत नाही, फाट्यापाशी आणखीही काही घडतं. सीटीएफ४, सीएचएल१, सीटीएफ१८ ही फाट्याच्या आसपास वावरणारी प्रथिनं गमावली तरी पकड ढिली पडते. विखंडन यीस्टमध्ये तर इको१ चा भाऊबंद एका डीएनए पॉलिमरेजला (प्रत काढणाऱ्या एन्झाइमला) जोडूनच एका लांब प्रथिनात आलेला आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

आता तुझ्या प्रयोगाकडे येते. दोन ठिपके दिसले म्हणजे पकड सुटली, असं लगेच लिहू नकोस. विद्यार्थिदशेत मी अशाच एका म्युटंटचे ठिपके सहा आठवडे मोजले. आकडे सुंदर होते. मग कोणीतरी पीडीएस१ चा ब्लॉट करायला, म्हणजे सेपरेज या कात्रीला रोखून धरणारं हे प्रथिन पेशीत किती उरलं आहे ते बघायला सांगितलं, तर पट्टा जवळजवळ नाहीसाच. विभाजन मध्येच अडवणारं नोकोडाझोल हे औषध कमी पडलं होतं, पेशी अडवणुकीतून निसटून ॲनाफेजला (क्रोमॅटिड वेगळ्या होण्याच्या टप्प्याला) लागल्या होत्या, आणि सेपरेजने एससीसी१ कापून क्रोमॅटिड रीतसर वेगळ्या केल्या होत्या. मी म्युटंटचा दोष म्हणून जे मोजत होते, ते निरोगी पेशीही करतेच. म्हणून प्रत्येक वेळी पीडीएस१ शाबूत असल्याचा पुरावा त्याच नमुन्यातून घे.

ठिपके मोजताना एकाच पातळीवर फोकस ठेवू नकोस. एकाखाली एक आलेले दोन ठिपके वरून एकच दिसतात. पेशीच्या पूर्ण जाडीतून प्रतिमा घे, आणि मोजणाऱ्याला कोणती स्लाइड कुठल्या स्ट्रेनची हे कळू देऊ नकोस.

यानंतर एकच प्रयोग कर, पण मन लावून. अल्फा फॅक्टरने पेशी जी१ मध्ये थांबव आणि दोन भाग कर. पहिला भाग सोडण्याआधीच ३७ अंशांवर ने. दुसरा २५ अंशांवर सोड, नोकोडाझोलमध्ये अडव, फ्लो सायटोमेट्रीत (पेशीगणिक डीएनए मोजण्याच्या पद्धतीत) डीएनए पूर्ण दुप्पट झालेला दिसला की मगच तापमान वाढव. इको१ ची गरज प्रत निघताना असते. म्हणून पहिल्या भागात ठिपके फुटतील, दुसऱ्यात बहुतांश एकेकटेच राहतील. जंगली (म्युटंट नसलेली) स्ट्रेन दोन्हीकडे सोबत चालव, त्यातही थोड्या पेशींत दोन ठिपके निघतातच.

दुसऱ्या भागातही ठिपके फुटले, तर निष्कर्ष लिहायच्या आधी फ्लो सायटोमेट्रीचे आलेख मला पाठव. तापमान वाढवलं त्या मिनिटाचा नमुना त्यात असू दे.

तुझी,
ताई