जुन्या माउंटन बाइकच्या फ्रेमचा रंग घरीच काढून नवा देता येतो का, की पावडर कोटिंगच करावं?

देता येतो. तुम्ही लिहिलंय की फ्रेम स्टीलची आहे, तीस वर्षं जुनी आहे आणि ज्याला विचारावं तो "पावडर कोटिंग करून टाका" म्हणतो, म्हणजे रंगाची कोरडी पूड फवारून भट्टीत भाजून घ्या. आमच्या घरातही असा एक आहे, माझा थोरला भाऊ. म्हणून लिहायला बसलो.

आम्ही पेणचे. 1996 साली बाबांनी आम्हा दोघांत मिळून एक सायकल घेतली. सरळ हँडल, जाड टायर, लाल रंग. असल्या सगळ्या सायकलींना आमच्या आळीत रेंजरच म्हणत, कंपनी कुठलीही असो. दोन पावसाळ्यांत रंगाला पोपडे आले. बाबांकडे फाटकासाठी आणलेला हिरवा ऑइलपेंट उरला होता. त्यांनी पॉलिश पेपरने गंज घासला, रेड ऑक्साइडचा प्राइमर, म्हणजे रंगाखालचा गंज रोखणारा थर, मारला आणि दोन इंची ब्रशने तो हिरवा फासला, ओघळांसकट. शाळेत पोरं "फाटक आलं, फाटक आलं" ओरडायची. दादाने तर तिला हात लावणंच सोडलं. "बाबांनी सायकलची पार वाट लावली" हा किस्सा तो अजून प्रत्येक लग्नात सांगतो. बाबा समोर बसलेले असतात. काही बोलत नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर मी ती माळ्यावरून उतरवली. सगळं खोलून झालं, अडलं ते बॉटम ब्रॅकेटपाशी, म्हणजे पायडलचा आस फ्रेममध्ये बसतो तिथे. तिथे आसाला धरून ठेवणाऱ्या चेनच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात हे मला माहीत होतं, तरी ऐन वेळी हात सवयीने नेहमीच्या दिशेला गेला आणि पान्यावर उभा राहून मी तो आणखी आवळून ठेवला. त्यात एक रविवार गेला.

मग पेंट रिमूव्हर. जाड थर द्यायचा, वर प्लास्टिक गुंडाळायचं, म्हणजे तो वाळत नाही. जिथे कंपनीचा लाल रंग उघडा होता तिथे वीस मिनिटांत सुरकुत्या पडून निघाला. बाबांचा हिरवा तीन वेळा रिमूव्हर लावून, पत्र्याने खरवडून, मला शिव्या द्यायला लावून निघाला. त्याखाली रेड ऑक्साइड आणि त्याखाली स्वच्छ करडं स्टील. कोकणातली जवळजवळ तीस वर्षं, आणि गंजाचा ठिपका नाही! गंज होता तो जिथे ब्रश पोचला नव्हता तिथे: बॉटम ब्रॅकेटच्या पोटाखाली आणि मागच्या चाकाच्या दांड्यांना आतल्या अंगाने. फोटो काढून दादाला पाठवला. उत्तरादाखल नुसता अंगठा आला.

दादाने स्वतःची सेकंडहँड सायकल कोटिंगला दिली होती. आली तेव्हा आरशासारखी होती. पण त्या लोकांनी आटे झाकलेच नव्हते, सगळ्या आट्यांत पावडर भाजून बसलेली. मेकॅनिकने कप जोर लावून घुसवला आणि आटे गेले. पुढे चेनने एके ठिकाणी टवका उडवला, तिथून पाणी आत शिरलं आणि दुसऱ्या पावसाळ्यात कोटिंग केळ्याच्या सालीसारखं सुटून आलं. खाली प्राइमरच नव्हता. ह्याला तो "प्रोफेशनल काम" म्हणतो.

तर तुमचं. रिमूव्हरनंतर 120, 220, मग 400 नंबरचा वॉटर पेपर (नंबर मोठा तितका पेपर बारीक). उघडं स्टील रात्रभर ठेवू नका, आमच्याकडे सकाळपर्यंत तांबूस होतं. त्याच दिवशी दोन भागांचा इपॉक्सी प्राइमर. वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारा किंवा साधा इनॅमल, मला दोन्ही चालतात. पेणमध्ये रंग फवारायला कॉम्प्रेसर शोधत फिरावं लागत नाही, गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. शेजारच्या कारखान्यातल्या काकांनी स्प्रे गन दिली आणि दोनच गोष्टी सांगितल्या: गन वस्तूच्या बाहेर सुरू करायची आणि बाहेरच बंद करायची, आणि पावसाळी हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारायचा नाही, पांढरट पडतो. रंग दुसऱ्या दिवशी हाताला सुका लागला तरी आठवडाभर काही बसवू नका. मी तिसऱ्याच दिवशी सीटचा क्लॅम्प आवळला, त्याचा वण कायमचा आहे.

आता आधी सांगायला हवं होतं ते. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांत 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आली तीच 2017च्या नोव्हेंबरपासून. मी पहिले दोन दिवस गॅलरीत, तोंडाला रुमाल बांधून, कोरडंच घासलं. घरात चार वर्षांची मुलगी आहे. बायकोने जे ऐकवलं ते रास्तच होतं. ओलं घासा, चिखल कागदावर गोळा करा. रिमूव्हर उघड्यावरच वापरा. त्यातल्या मिथिलीन क्लोराइडमुळे बंद खोलीत माणसं दगावली आहेत, अमेरिकेने 2019 मध्ये त्याची घरगुती विक्री बंद केली. पीयूला कागदी मास्क कामाचा नाही, वाफा गाळणारा कार्ट्रिजवाला घ्या. आणि फ्रेमला चुंबक चिकटत नसेल तर ती बहुधा अॅल्युमिनियमची आहे, तिला कॉस्टिक सोडा दाखवूही नका.

पावडर कोटिंग मुळात वाईट नाही. ब्लास्टिंग (जोरात वाळूसारखे कण मारून धातू साफ करणं), झिंक प्राइमर, आटे झाकणं, हे सगळं नीट करून 180 ते 200 अंशांना भाजलेलं कोटिंग घरच्या रंगापेक्षा जास्त टिकेल, हे मान्य. पण "करून टाका" म्हणणाऱ्यांपैकी कितीजण आटे झाकले का ते विचारतात?

रंग मी हिरवाच दिला. बाबांना दाखवायला अंगणात आणली. त्यांनी चष्मा लावला, खालच्या नळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "इथे ओघळ आलाय."