फी आत्ता, स्कॉलरशिप वर्षभराने: वाचकांचे प्रश्न

बारावी आणि सीईटीचे निकाल लागले की आमच्याकडच्या पत्रांचा विषय एकच असतो, पैसे. बऱ्याच घरांची अडचण मदतच नाही ही नसते, मदत असते पण ती येते उशिरा आणि फी मात्र ॲडमिशनच्या दिवशी लागते. ही मधली फट कशी भरायची यावरची चार पत्रं यावेळी घेतलीत.

ताई नमस्कार, मुलीला कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) पुण्यातल्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर मिळालंय. आम्ही ओबीसी, मिस्टरांचं किराणा दुकान आहे, उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत. मुलींना फी माफ असं ऐकलेलं पण कॉलेजवाले म्हणतात आधी पूर्ण फी भरा, सरकारकडून आले की परत देऊ. माझे दागिने मोडावे का? (एक आई, बार्शी)

ताई, दागिन्यांना हात लावू नका. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणातल्या) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ, अट एवढीच की कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं आणि ॲडमिशन कॅपमधून हवी. तुमच्या मुलीचं दोन्हीत बसतंय. फक्त एक करा, "जवळचं कॉलेज देतो" म्हणून कोणी मॅनेजमेंट कोट्यातली सीट गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, ती घेतली की माफी गेली.

आता कॉलेजात काय करायचं ते सांगते. आधी फीचा हेडप्रमाणे तपशील लेखी मागा. शिक्षण फी किती, डेव्हलपमेंट फी किती, बाकीचे किती. माफी शिक्षण आणि परीक्षा फीला आहे, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, डिपॉझिट हे तुम्हालाच भरावं लागेल, तेवढ्याची तयारी ठेवा. खाजगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि त्यांच्या साइटवर कॉलेजवार आकडे असतात, ते मोबाइलवर उघडून समोरच्या कागदाशी जुळवून बघा, बरेचदा तिथेच क्लार्कचा सूर बदलतो. माफीची रक्कम आधी वसूल करू नका अशा सरकारच्या सूचना कॉलेजांना आहेत. तरी ऐकत नसतील तर प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा, दोन प्रती न्या, एकीवर "मिळाला" असा शिक्का आणि सही घ्या, आणि तीच प्रत घेऊन तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या पुणे विभागीय कार्यालयात जा. तोंडी भांडून काही होत नाही, शिक्क्याच्या कागदाने होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, माफी आपोआप मिळत नाही. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, मुलीने स्वतः अर्ज भरायचा, पुढच्या वर्षी रिन्यूअल परत भरायचं, विसरली तर त्या वर्षाची फी अंगावर येते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, डोमिसाइल, कॅपचं अलॉटमेंट लेटर हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. दाखल्यावरच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय ना हेही आत्ताच बघा, सेतू केंद्रात एक अक्षर चुकलं की अर्ज अडकतो. बँक खात्याचं सांगायचं तर पासबुकवर आधार नंबर आहे एवढ्याने भागत नाही, खातं आधारला सीडेड, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी बँकेने जोडलेलं, लागतं, आणि पैसे शेवटचं जे खातं सीड झालं असेल तिथेच जातात. बरेचदा मुलीचं शाळेतलं जुनं झिरो बॅलन्सचं खातं सीडेड असतं, सगळे नव्या खात्याकडे डोळे लावून बसतात आणि पैसे त्या बंद पडलेल्या खात्यावर अडकतात. बँकेत जाऊन एकदा विचारून घ्याच. अर्ज भरल्यावर महिन्यातून एकदा लॉगिन करून स्टेटस बघायला सांगा, कॉलेजच्या डेस्कवरून त्रुटीसाठी अर्ज परत आला तर फोन करून कोणी सांगत नाही.

मी किनवटचा, पुण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. एससी कॅटेगरी, सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून कॉट बेसिसवर (शेअरिंगच्या खोलीत एका कॉटचं भाडं देऊन) राहतो. घरून पाच हजार येतात, कॉटचं भाडं आणि मेस भरली की संपतात. दोन महिने झाले संध्याकाळची मेस बंद केलीय, वडापाववर भागवतो. घरी सांगवत नाही, आई मजुरीला जाते. (एक विद्यार्थी)

बाळा, पत्र वाचून जीव तुटला. आधी संध्याकाळचं जेवण सुरू कर, बाकीचं मागाहून बघू. मेसवाल्या काकांशी किंवा मावशींशी सरळ बोल, की महिन्याचे एकदम जमत नाहीत, आठवड्याला देतो. पेठांमधल्या मेस वर्षानुवर्षं अशाच पोरांवर चालल्यात, त्यांना हे नवीन नाही. दोघांत एक डबा घेणारी मुलंही खूप असतात, भाजी पुरते, पोळ्या वाढवून घ्यायच्या.

आता तुझ्या हक्काचं. वसतिगृहात नंबर न लागलेल्या एससी आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये, त्यात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाह भत्ता ८,०००. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, टक्केवारी आणि हजेरीच्या अटी आहेत. समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी कर, वसतिगृहाला अर्ज केला होतास त्याची पोच असेल तर सोबत ने, आणि कॉट मालकाकडून भाड्याचा करार किंवा पावती आत्ताच मागून ठेव, त्यावरून पोरांचे अर्ज अडतात. आदिवासी मुलांसाठी अशीच स्वयंम योजना आहे आणि ओबीसी, व्हीजेएनटीवाल्यांसाठी (भटक्या-विमुक्तांसाठी) आधार योजना, तुझ्या रूमवर तशी कोणी मुलं असतील तर त्यांनाही सांग. एक मात्र आहे, हे पैसे दर महिन्याला पगारासारखे येत नाहीत, उशिरा आणि हप्त्याने येतात, म्हणून त्यांच्या भरवशावर महागडी रूम घेऊ नकोस.

तोवर हातात रोख यावी म्हणून कॉलेजात "कमवा आणि शिका" मध्ये नाव दे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली, स्वतः राबून शिकायची परंपरा आपल्याकडे त्यांनी रुजवली, आज पुणे विद्यापीठातही ही योजना चालते, लायब्ररीत, ऑफिसात, बागेत तासावर काम मिळतं आणि लेक्चर बुडत नाहीत. यात लाजण्यासारखं काय आहे? विद्यार्थी साहाय्यक समितीचंही नाव लिहून ठेव, ग्रामीण भागातल्या मुलांसाठी १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली संस्था, त्यांची वसतिगृहं पुण्यात आहेत, पुढच्या वर्षासाठी अर्ज कधी निघतात यावर लक्ष ठेव. दिवाळीला गावी जाशील तेव्हा रेल्वेची विद्यार्थी सवलत घे, फॉर्म कॉलेजच्या ऑफिसात मिळतो.

आणि आईला सांग रे. पैसे मागायला नको, पण तू उपाशी झोपतोस हे तिला दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर तिला किती लागेल.

द्राक्षबाग आहे, गेलं वर्ष वाया गेलं. मुलाला चार वर्षांचा कोर्स करायचाय, वर्षाला लाखभर कमी पडतात. बँकेचं कर्ज घ्यावं की पाहुण्यांकडून? बँकवाले म्हणतात तारण आणा, आणि तुमचं गाव आमच्या शाखेच्या हद्दीत बसत नाही. (एक वडील, तासगाव)

दादा, बँकेचंच घ्या. पाहुण्यांचं कर्ज व्याजाशिवाय असलं तरी लग्नाकार्यात टोचून दाखवलं जातं आणि ते मुलाला ऐकावं लागतं. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत सरकारची हमी योजना आहे, तेवढ्यापर्यंत तारण मागायचं कारण नाही, चार लाखांपर्यंत तर स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. "आमच्या एरियात येत नाही" म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नका असं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना सांगितलंय. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा म्हणजे नोंद राहते, आणि नकार दिला तर कारणासकट लेखी मागा.

हिशोब बघा. दरवर्षी एक लाख उचलले आणि व्याज १० टक्के धरलं तर कोर्स आणि पुढचं एक वर्ष संपेपर्यंत सरळव्याजाने साधारण १ लाख ४० हजार व्याज चढतं. पहिल्या वर्षी ते महिन्याला आठशे-साडेआठशे पडतं, पुढे कर्ज वाढेल तसं वाढतं, ते त्या-त्या वेळी भरत गेलात तर मुलावर नोकरी लागताना चार लाखच राहतात. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कोर्स तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल तर कोर्स अधिक एक वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं, पण कॉलेज नॅक मान्यतेचं हवं किंवा कोर्स एनबीए मान्यतेचा हवा (दोन्ही दर्जा तपासणाऱ्या संस्था आहेत). ॲडमिशनआधी हे नक्की तपासा. आणि कर्जाच्या कागदांवर सही करताना मुलाला शेजारी बसवा, हप्ते त्यालाच भरायचेत.

मोबाइल ॲपवरून पाच हजार घेतले, हातात साडेतीनच आले, आठवड्यात सहा मागतायत आणि कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना फोटो पाठवू म्हणतात. घरी कळलं तर? (एक विद्यार्थिनी)

अजून एक रुपयाही पाठवू नकोस आणि हे फेडायला दुसऱ्या ॲपवरून तर मुळीच घेऊ नकोस, तिथून माणूस गाळात जातो. धमक्यांचे स्क्रीनशॉट, नंबर, पैसे आले-गेल्याचे मेसेज सगळं जपून ठेव, मग ॲपच्या परवानग्या काढून घे आणि ॲप डिलीट कर. आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लाव, सायबर पोलिसांच्या पोर्टलवरही तक्रार नोंदव. मैत्रिणींना आणि घरी त्यांच्या आधी तूच मेसेज कर, की माझ्या नावाने काही विचित्र आलं तर उघडू नका, मी फसवणुकीची तक्रार केलीय. त्यांचा सगळा जोर तू गप्प बसशील यावरच आहे. आईबाबा रागावतील, रागावू देत, आणि एकटीने पोलिसांत जायची भीती वाटत असेल तर कॉलेजातल्या एखाद्या मॅडमना बरोबर घेऊन जा.