सेन्सर, सेन्सॉर आणि प्रशंसा

प्रश्न आलाय की हॉलिवूडच्या हेज कोडबद्दल (सिनेमात काय दाखवायचं नाही, याची जुनी नियमावली) लिहिताना 'सेन्सर बोर्ड' लिहायचं की 'सेन्सॉर बोर्ड', आणि तो कोड म्हणजे त्यांचं सेन्सॉर बोर्डच ना?

सेन्सर मोबाईलमधे असतो, गाडीच्या बंपरमधे असतो. त्याचा सिनेमाशी काडीचा संबंध नाही, तरी 'सेन्सर बोर्डाची कात्री' रोज वाचावं लागतं आणि डोकं उठतं! इंग्रजीत उच्चार तसाच आहे ना, असं सांगणारे जाणकार भेटतात, पण आपण काय इंग्रजी लिहितोय का? माझं स्पष्ट मत आहे की डॉक्टर, कंडक्टर हे शब्द आपण कानांनी घेतले म्हणून तिथे 'टर' आलं, आणि सेन्सॉर मात्र छापलेला वाचून, डोळ्यांनी घेतला, म्हणून त्यातला 'ओ' टिकला. आणि तो टिकला हे उत्तमच झालं, कारण रोमन माणूस 'केन्सोर'च म्हणायचा.

त्यातला धातू 'केन्सेरे', म्हणजे जोखणं, मत देणं. आणि हा आपल्या संस्कृत 'शंस्' धातूचा सख्खा भाऊ आहे, म्हणजे प्रशंसा आणि सेन्सॉर एकाच घरातले! रोममधला केन्सोर शिरगणती करायचा (सेन्सस त्यातूनच आला) आणि लोकांच्या वागणुकीवर नजर ठेवायचा. इ.स.पू. 184 मधे केन्सोर म्हणून निवडून आलेल्या केटोने एकाला सिनेटमधून काढलं, का, तर त्याने दिवसाउजेडी मुलीसमोर बायकोचं चुंबन घेतलं, असं प्लुटार्क हा जुना ग्रीक चरित्रकार सांगतो. आणि 1930 च्या हेज कोडमधे काय आहे, तर अतिरेकी, कामुक चुंबनं दाखवू नका!

म्हणून सेन्सॉर म्हणजे कापाकापी हा अर्थ मला मान्य नाही. आपल्या नाटकांच्या मंडळाच्या नावात 'परिनिरीक्षण' आहे, त्याला नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, शब्द जड आहे पण अर्थाला धरून आहे.

हेज कोड सरकारी नव्हताच. स्टुडिओंनी 1922 मधे आपली संघटना काढून माजी पोस्टमास्टर जनरल विल हेजला अध्यक्ष केलं. नियम लिहिले डॅनियल लॉर्ड या जेझुइट पाद्र्याने आणि मार्टिन क्विग्ली या सिनेव्यवसायाच्या पत्रकांच्या प्रकाशकाने, पण चार वर्षं स्टुडिओंनी ते फारसे मनावर घेतले नाहीत. 1934 मधे कॅथलिकांनी बहिष्काराचा धाक घातल्यावर नियम राबवायला जोसेफ ब्रीन बसला, तो शूटिंगआधीच स्क्रिप्ट वाचायचा, हे बदला ते बदला कळवायचा, आणि त्याच्या मंजुरीच्या शिक्क्याशिवाय सिनेमा लावला तर 25,000 डॉलर दंड. म्हणजे कात्री लागायची वेळच येऊ द्यायची नाही, अगदी केन्सोरचं काम.

कात्रीवाले वेगळे, ते ओहायो, पेनसिल्व्हेनिया, कॅन्ससमधले राज्यांचे बोर्डवाले. सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, अभिव्यक्ती नव्हे, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1915 मधे म्हटल्यामुळे त्यांना रान मोकळं मिळालं, ते थेट 1952 मधे कोर्टानेच मत बदलेपर्यंत.